चाळिशीत जीव टांगणीला, सत्तरीत मन निवांत. असं का होतं?

सोसायटीची मार्चअखेरची वसुली, पोराची कॉलेजची फी, आईचं दुखणं आणि त्यातच विहिरीवरची मोटर जळालेली. चाळिशी-पन्नाशीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, "दिवस कधी उगवतो नि कधी मावळतो, कळतच नाही," असंच सांगेल. त्याच घरात ओट्यावर बसलेले सत्तरीचे आजोबा मात्र "होईल रे सगळं" म्हणत चहा पितात. आजोबांना घराची काळजी नाही, असं नाही. मग फरक कुठे पडतो?

वय नाही, उरलेला वेळ

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. त्यांचं म्हणणं साधं आहे. पुढे भरपूर वेळ आहे असं वाटतं, तेव्हा माणूस कमावणं, शिकणं, ओळखी वाढवणं यामागे धावतो. वेळ थोडा उरलाय असं जाणवलं, की तो जवळची माणसं आणि आजचं समाधान निवडतो. नको ते वाद आपोआप सुटतात. २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाची भीती टिपेला होती. धोका म्हाताऱ्यांना जास्त होता, तरी त्यांच्या पाहणीत तरुणांपेक्षा वयस्कर मंडळींचंच मन जास्त स्थिर दिसलं.

हे फक्त वयामुळे होत नाही. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनच्या ताब्यात जाणार होतं. एक पर्व संपतंय या जाणिवेने तिथले तरुणसुद्धा नव्या ओळखींपेक्षा आपल्या माणसांकडे वळले होते.

ऊस उभा असताना डोकं अडतं

मधल्या वयात नेमकं उलटं होतं. हाताशी वेळ कमी आणि जबाबदाऱ्या दोन्ही बाजूंनी, वर आई-वडील, खाली पोरं. त्यात पैशाची ओढाताण असली की काय होतं, हे तमिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादकांच्या अभ्यासात दिसलं. तो २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्याच शेतकऱ्याला तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर सारख्याच चाचण्या दिल्या. तोडणीआधी त्याच माणसाला त्या जड गेल्या. माणूस तोच, अक्कल तीच. पण चिंतेनं डोक्यातली जागाच अडवलेली. अशा वेळी समोरचा खड्डा तेवढा दिसतो, पुढचं वर्ष दिसत नाही.

म्हणूनच जमीन विकणं, खासगी सावकाराच्या कागदावर सही करणं, असले निर्णय तंगीच्या दिवसात एकट्यानं घेऊ नयेत. चार दिवस थांबावं, घरच्यांना किंवा जाणत्या माणसाला सोबत घ्यावं. शक्य असेल तर वर्षाचा हिशोब पट्टीचे पैसे हातात आल्यावरच मांडावा.

"आजोबांना कसलं टेन्शन?"

हा समजही पूर्ण खरा नाही. वयस्कर माणूस किरकोळ कटकटी टाळण्यात पटाईत असतो. पण टाळता न येणारा, लांबत जाणारा ताण आला, म्हणजे जोडीदारानं अंथरूण धरलं, पोरं शहरात गेली, घर रिकामं झालं, की म्हातारं शरीर तो लवकर सोसत नाही. रक्तदाब वाढतो, झोप जाते, नि घरातल्यांना वाटतं "वयच झालंय".

करायचं काय?

फार मोठं काही नाही. मधल्या वयातल्यांनी आजोबांची एक गोष्ट उचलावी: दिवसातला थोडा वेळ आपल्या माणसांसाठी, मोबाईल बाजूला ठेवून. आणि आजी-आजोबांना नुसतं "जेवलात का?" न विचारता दहा मिनिटं शेजारी बसावं.

झोप उडाली, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतं, असं सलग दोन आठवडे राहिलं तर तो आळस नव्हे, आजार असू शकतो. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावला, तर मात्र दोन आठवडे कशाला, एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करायला लाजायचं कारण नाही.