खुबा, इंजेक्शन आणि उसने दिवस

मुलाचा गुडघा दुखतो म्हणून पालक त्याला घेऊन आले, तर आधी त्याचा खुबा तपासावा, हा बालरोगशास्त्राच्या आरंभीच्या पाठांपैकी एक. पर्थीझचा विकार असो किंवा मांडीच्या हाडाचे डोके सरकलेले असो, वेदना खुब्यात उपजते आणि मज्जातंतूच्या वाटेने गुडघ्यात जाऊन बोलते. २०२१ च्या पावसाळ्यात माझा डावा गुडघा जिना चढताना दुखू लागला, तेव्हा मी घरी पलंगावर पडून तो पाय आतल्या बाजूस वळवून पाहिला. तो वळेना. त्यामुळे गुडघ्याचा एक्स-रे न काढता थेट खुब्यांचाच काढून घेतला. डाव्या खुब्याची उखळी जन्मापासूनच उथळ, तिचे छत तिरके आणि कडेची कूर्चा झिजून हाड हाडाला टेकू लागलेले, असे ते चित्र होते. संपादकांनी या स्मरणिकेसाठी माझ्याकडे नेहमीप्रमाणे लसीकरणावर लेख मागितला होता. तो विषय पुढील अंकासाठी राखून ठेवण्याची अनुमती घेऊन यंदा या दुखण्याविषयी लिहीत आहे, कारण आपल्या सभासदांपैकी निम्मे तरी माझ्याच वयाच्या आगेमागे आहेत.

मी पायाळू. जन्म घरीच, सुईणीच्या हातून झाला. लहानपणी दांडिया बाजारातील आमच्या शेजारीपाजारी कोणाच्या पाठीत उसण भरली की मला बोलावणे येई आणि पाच-सहा वर्षांची मी त्या माणसाच्या पाठीवरून मोठ्या गंभीरपणे पाय फिरवीत असे. पुढे बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना कळले की, पायाळू जन्म, मुलगी असणे, पहिलटकरणीचे मूल असणे आणि डावी बाजू या चारही गोष्टी खुब्याच्या जन्मजात दोषाशी निगडित आहेत. माझ्यात त्या चारही होत्या. तरीही खुबा पूर्ण निखळलेला नव्हता, केवळ उखळी उथळ होती. असा दोष चालण्याबोलण्यात दिसत नाही, लंगडेपणा येत नाही. तो चाळीस-पन्नास वर्षे मूक राहतो आणि मग एकदम हिशेब मागतो. कडेवर घेण्याच्या आपल्या रीतीने बाळाचे पाय फाकलेले राहतात व उखळी घडण्यास मदत होते. उलट पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळणे घातक. बालरोगतज्ज्ञांखेरीज इतर वाचकांनी, विशेषतः आजीमंडळींनी, एवढे जरूर ध्यानात ठेवावे.

या दुखण्याच्या निमित्ताने वाचन करताना एक योगायोग आढळला. नवजात बाळाच्या मांड्या फाकवून निखळलेला खुबा जागेवर येताना जाणवतो का, हे पाहण्याची पद्धत इटलीतील फेरारा येथील बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. तिला जोड देणारी, सैल खुबा मुद्दाम मागे ढकलून पाहण्याची बार्लो यांची चाचणी १९६२ सालची. बार्लो इंग्लंडमधील सॅलफर्डचे. त्याच १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये, त्याच लँकाशायर परगण्यात, रायटिंग्टन येथील जॉन चार्नली यांनी उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची उखळी रुग्णाच्या शरीरात प्रथम बसवली. त्यापूर्वी त्यांनी टेफ्लॉनच्या उखळ्या सुमारे तीनशे रुग्णांत बसवल्या होत्या. त्या काही वर्षांतच झिजल्या आणि झिजेच्या कणांनी भोवतीची ऊती बिघडली. हे कण खरोखर अपाय करतात का, हे पाहण्यासाठी चार्नली यांनी ते स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते. म्हणजे एकीकडे पाळण्यातला खुबा वाचवण्याची चाचणी आणि दुसरीकडे वाया गेलेला खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया, दोन्ही एकाच वर्षी, जवळजवळ शेजारच्या गावांत! पहिल्या चाचणीचा लाभ मला मिळण्याजोगा नव्हता. दुसऱ्या शोधाच्या उंबरठ्यावर मी आज, छप्पन्नाव्या वर्षी, उभी आहे.

मधल्या काळात इंजेक्शने झाली. ‘स्टेरॉईड’ हा शब्द ऐकताच पालकांच्या चेहऱ्यावर उमटणारे भय मी रोज पाहते. दमा असो वा नेफ्रोटिक सिंड्रोम, अर्धा वेळ ते भय घालवण्यातच जातो. त्यामुळे माझ्या घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी मला ‘स्टेरॉईडनेच खुबा गेला का?’ असे विचारले, यात नवल नाही. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. पोटातून किंवा शिरेतून मोठ्या मात्रेत घेतलेल्या स्टेरॉईडने खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते सुकू शकते. कोविडनंतर असे झालेल्या तीन तरुण रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती वृत्तपत्रांतही गाजली. सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतूनही हेच औषध गुपचूप पोटात जाते, हे आपण सारेच जाणतो. माझी गोष्ट याच्या उलट आहे. खुबा आधीच झिजलेला होता आणि इंजेक्शन त्या झिजेच्या वेदनेवर होते.

खुबा खोल असल्याने हे इंजेक्शन सोनोग्राफीच्या किंवा एक्स-रेच्या आधाराने द्यावे लागते. सोबत बधिरीकरणाचे औषध असते. पहिल्या काही तासांत वेदना नाहीशी झाली, तर दुखण्याचे मूळ सांध्यातच आहे, कमरेत नाही, याचा पुरावा मिळतो, आणि माझ्या मते हा लाभ औषधाइतकाच मोलाचा आहे. २०२३ मधील पहिल्या इंजेक्शनानंतर मी चार महिने जणू निरोगी होते. २०२४ मधील दुसऱ्याने दहा आठवडे दिले. यंदा आषाढात घेतलेल्या तिसऱ्याने जेमतेम तीन. मला मधुमेह आहे. प्रत्येक वेळी पुढचे चार-पाच दिवस साखर अडीचशेच्या वर राहिली.

चौथे घ्यावे का? येथे दोन गोष्टींनी मला थांबवले. बॉस्टनच्या क्ष-किरणतज्ज्ञांनी २०१९ मध्ये खुब्यात वा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या ४५९ रुग्णांचा आढावा मांडला. त्यांपैकी ३६ जणांत नंतर सांधा झपाट्याने बिघडला होता. इंजेक्शन न घेतलेल्यांशी त्यात तुलना नव्हती, त्यामुळे दोष औषधाचा की मूळ रोगाचा, याचा निवाडा त्यातून होत नाही. दुसरी गोष्ट मात्र अधिक निश्चित आहे. इंजेक्शनानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून शल्यविशारद तेवढे थांबायला सांगतात. तीन आठवड्यांच्या आरामासाठी तीन महिन्यांची शस्त्रक्रियेची वाट बंद करायची, हा व्यवहार तोट्याचा. इंजेक्शन उसने दिवस देते, याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ते दिवस कशासाठी घेतले, हे घेतानाच ठरलेले असावे. पहिल्या चार महिन्यांत मी वजन सहा किलो उतरवले आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने केले, ते उसने दिवस सत्कारणी लागले असे मी म्हणेन.

एका पायावर शरीर पेलताना खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो, यावरून सहा किलोंचे मोल कळावे. काठीचेही तसेच. दुखऱ्या पायाच्या बाजूला काठी धरणारे ज्येष्ठ आपण रस्त्यावर नित्य पाहतो. ती विरुद्ध हातात हवी, तरच कुल्ल्याच्या स्नायूंना उसंत मिळते. ‘काठी फेकून देऊ नका’ अशा शीर्षकाचा लेख १९५६ मध्ये वॉल्टर ब्लाउंट यांनी लिहिला. मुलांच्या वाकड्या पायांच्या विकाराला ज्यांचे नाव आहे, तेच हे ब्लाउंट. माझ्या काठीचे स्वागत बाह्यरुग्ण विभागात उत्तम झाले. एका चार वर्षांच्या रुग्णाने, ‘डॉक्टरकाकू, तुम्हाला बाऊ झाला? मग सुई घ्या ना!’ असा सल्लाही दिला.

खरी अडचण रात्रीची आणि जमिनीची. कुशीवर वळताना जाग येते. मोजा चढवण्यासाठी पायापर्यंत हात पोहोचत नाही. मांडी घालून पंगतीला बसणे दोन वर्षांपूर्वीच सुटले. नवजात कक्षात वाकून बाळाचे खुबे तपासताना माझा स्वतःचा खुबा चमकतो, तेव्हा लक्ष विचलित होते, आणि हे मला सर्वांत अधिक खुपते.

आता शस्त्रक्रियेचा विचार. माझे अस्थिशल्यविशारद आमच्याच महाविद्यालयाचे, मला दहा वर्षांनी कनिष्ठ. मी एक्स-रे पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला ठेवून विचारले, “मॅडम, एक्स-रे मी पाहिला आहे. तुम्ही रात्री किती वेळा उठता, ते सांगा.” वयाचा प्रश्न मी काढला. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार बदललेले ५८ टक्के खुबे पंचवीस वर्षे टिकतात. त्याच नियतकालिकातील २०१७ च्या अभ्यासात, खुबा वा गुडघा सत्तरीनंतर बदलल्यास पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची आजन्म शक्यता सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या आरंभीच्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत आढळली. त्या वयाच्या स्त्रियांत ती पंधरा अंकांनी कमी होती. पुरुषांचा आकडा पाहून मी प्रथम पासष्टीपर्यंत रेटण्याचे ठरवले होते. मग मनाशी मांडणी केली. पासष्टीपर्यंतची नऊ वर्षे ही माझ्या कामाची उरलेली वर्षे. ती लंगडत, झोपेविना आणि स्नायू गमावत घालवायची, ती कशासाठी, तर ऐंशीव्या वर्षीची एक संभाव्य शस्त्रक्रिया टाळण्यासाठी. हा सौदा मला पटला नाही. इतरांना पटू शकेल. ज्यांची रात्र शांत जाते आणि दिवसाची कामे अडत नाहीत, त्यांनी घाई करू नये, असेच मीही म्हणेन.

उथळ उखळीत कृत्रिम वाटी बसवणे नेहमीपेक्षा कठीण असते, पायांच्या लांबीत फरक राहू शकतो, याची कल्पना मला दिली गेली आहे. सीटी स्कॅन झाला आहे. मांडी घालून बसता येईल का, या प्रश्नावर तज्ज्ञांत एकमत नाही. हल्ली मोठ्या गोलाच्या सांध्यांमुळे निखळण्याचे भय कमी झाले असले, तरी माझ्या शल्यविशारदांनी उकिडवे बसण्यास साफ नकार दिला आहे. गौरीच्या पूजेला यापुढे खुर्चीच.

तारीख मार्गशीर्षातील ठरली आहे. तोवर तिसऱ्या इंजेक्शनाला तीन महिने उलटून गेलेले असतील. नवजात कक्षाची फेरी सहा आठवडे कनिष्ठ सहकारी पाहतील. संडासाची बैठक उंच करून घेतली आहे. एचबीएवनसी साडेसातच्या खाली आल्याखेरीज शस्त्रक्रिया होणार नाही, अशी अट भूलतज्ज्ञांनी घातली आहे, आणि मधे दिवाळीचा फराळ आहे.