टेक्नेशियम : सहा तासांच्या हिशोबावरचे काम

टेक्नेशियम हे माणसाने कृत्रिम रीतीने तयार केलेले पहिले मूलद्रव्य. आवर्तसारणीतील ४३ क्रमांकाची जागा मेंडेलीव्हच्या काळापासून रिकामी होती. १९३७ मध्ये इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिए आणि एमिलियो सेग्रे यांना ते सापडले, तेही बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा सोसलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात. त्याचे एकही समस्थानिक स्थिर नाही. सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकांचे अर्धायुष्यही काही दशलक्ष वर्षेच असल्याने पृथ्वी घडतानाचा साठा केव्हाच संपला. युरेनियमच्या खनिजात आज ते मिळते, पण केवळ अंशमात्र.

रुग्णालयात वापरतात ते टेक्नेशियम-९९एम. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तास आणि त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. ही ऊर्जा शरीराबाहेर पडायला पुरेशी आणि कॅमेऱ्याने टिपायलाही सोयीची असते. मात्र इतक्या अल्पायुषी द्रव्याचा साठा करता येत नाही, म्हणून पाठवतात ते त्याचे जनक, मॉलिब्डेनम-९९. त्याचे अर्धायुष्य ६६ तास असते. अणुभट्टीत तयार झालेले हे मॉलिब्डेनम जनरेटरमध्ये भरले जाते. भारतात असे जनरेटर नवी मुंबईत वाशीच्या 'ब्रिट' या संस्थेतून जातात. ही जनरेटरची कल्पना १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आकाराला आली.

न्यूक्लिअर मेडिसिन विभागाची सकाळ हॉट लॅबमध्ये सुरू होते. प्रचलित प्रकारच्या जनरेटरमध्ये शिशाच्या जाड कवचात ॲल्युमिनाची लहान नलिका असते आणि मॉलिब्डेनम त्या ॲल्युमिनाला घट्ट चिकटलेले असते. तंत्रज्ञ एका सुईवर सलाइनची कुपी बसवतो आणि दुसरीवर शिशाच्या आवरणातली निर्वात कुपी. निर्वातामुळे सलाइन नलिकेतून ओढले जाते. रात्रभरात तयार झालेले टेक्नेशियम परटेक्नेटेटच्या रूपात त्याच्याबरोबर उतरते, मॉलिब्डेनम मागेच राहते. या क्रियेला जगभर 'मिल्किंग' म्हणतात, आणि ते नाव चपखल आहे: एकदा काढून घेतले की सुमारे २३ तासांनी जनरेटर पुन्हा भरतो.

हाती आलेले द्रावण लगेच टोचत नाहीत. डोस कॅलिब्रेटरमध्ये त्याची सक्रियता मोजतात आणि मॉलिब्डेनम किंवा ॲल्युमिनियम झिरपले आहे का ते तपासतात. एवढी काटेकोर काळजी आवश्यकच आहे, कारण मॉलिब्डेनमचे बीटा कण रुग्णाला निदानात काहीही न देता किरणांची मात्रा तेवढी वाढवतात.

पुढचे काम रसायनशास्त्राचे. नुसते परटेक्नेटेट थायरॉइडमध्ये जमते, कारण तिथल्या पेशी त्याला आयोडाइडसारखेच ओढून घेतात. इतर अवयवांसाठी 'किट' लागते. त्या कुपीतला कथिलाचा क्षार टेक्नेशियमचे क्षपण करतो आणि मग ते वाहक रेणूशी बांधले जाते. एमडीपी हाडांकडे जाते, डीएमएसए मूत्रपिंडाकडे, सेस्टामिबी हृदयाच्या स्नायूकडे. कर्करोग हाडांत पसरला आहे का, हे पाहण्यासाठी इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात आणि मग रुग्णाला गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात. एक्स-रे हाडाचा आकार दाखवतो, तर हा स्कॅन हाडात कुठे जास्त उलाढाल चालली आहे ते दाखवतो. म्हणूनच काही बदल एक्स-रेच्या आधी इथे दिसतात. या पद्धतीचे खरे मोल तिथे आहे.

दिवसभर सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. सकाळी आठला भरलेल्या सिरिंजची सक्रियता दुपारी दोनला निम्मी झालेली असते, म्हणून डोस इंजेक्शनची वेळ धरूनच मोजावा लागतो. पुरवठ्याचेही तसेच. २००९-१० मध्ये मॉलिब्डेनम-९९ पुरवणारी कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी वर्षाहून अधिक काळ बंद राहिली आणि अनेक देशांत तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या.

वापरलेल्या सिरिंज आणि कापूस शिशाच्या पेटीत ठेवतात. अर्धायुष्याच्या दहापट काळ, म्हणजे ६० तास गेले की हजारावा हिस्साच उरतो. ९९एम शांत झाल्यावर उरणाऱ्या टेक्नेशियम-९९चे अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षे आहे, पण रुग्णालयातील त्याचे प्रमाण नगण्य असते. अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनात मात्र ते भरपूर तयार होते, आणि परटेक्नेटेट भूजलाबरोबर सहज वाहत जात असल्यामुळे असा कचरा पुरताना त्याचा वेगळा विचार करावा लागतो.