नंबर जुळला, म्हणजे इंजिन मूळचंच?

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बॉनेट उघडतो, मोबाइलचा उजेड पाडून ब्लॉकवर पंच केलेला नंबर वाचतो आणि आरसी बुकाशी ताडून बघतो. नंबर जुळला की विकणारा म्हणतो, "बघा, ओरिजिनल इंजिन!" आणि घेणारा निर्धास्त होतो. वास्तविक त्या जुळणीतून एवढंच कळलं, की आज गाडीत जे इंजिन आहे तेच आज कागदावरही आहे. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या पोटात काय होतं, हे अजून शोधायचंच आहे.

आरसीवरचा इंजिन नंबर बदलू शकतो, आणि तोही पूर्ण कायदेशीरपणे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली इंजिन बदललं तर आरटीओकडून त्याची नोंद करून घ्यावी लागते. अशी नोंद झाली की नवा नंबर हाच अधिकृत नंबर. म्हणून आरसी इंजिनाची कायदेशीर बाजू सांगते, जन्मकथा सांगत नाही. ती हवी असेल तर पहिल्या खरेदीचं बिल, परदेशातून आलेल्या गाडीचे कस्टमचे कागद आणि शिक्क्यांनी भरलेलं जुनं आरसी बुक शोधायला हवं. स्मार्ट कार्ड हातात पडल्यावर ते पिवळं पडलेलं बुक रद्दीत टाकणाऱ्यांनी गाडीच्या इतिहासाची पहिली पानंच फाडून टाकलेली असतात.

दुसरा समज याच्या अगदी उलटा आहे: इंजिन नंबर आणि चेसिस नंबर एकच असला पाहिजे, नाहीतर काहीतरी गडबड आहे. ही समजूत अमेरिकेतून आलेल्या 'मॅचिंग नंबर्स' या शब्दाने पसरवली. तिथल्या काही कंपन्या, विशेषतः शेव्हरोले, गाडीच्या ओळखक्रमांकाचा काही भाग इंजिनावर ठोकत असत. फियाट, मॉरिस, जॅग्वार यांच्या घराण्यात मात्र इंजिनाला स्वतःचा वेगळा क्रमांक असे. तिथे दोन नंबर वेगळे असणं हीच नेहमीची गोष्ट. ते एकमेकांशी जुळवायचे नसतात, कारखान्याच्या नोंदीशी जुळवायचे असतात. अमेरिकेतही सरसकट नियम नव्हता. 1965 ते 1967 च्या बहुतेक फोर्ड मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा क्रमांक नाहीच. अपवाद 289 हाय परफॉर्मन्स इंजिनाचा. त्या मस्टँगच्या ओळखक्रमांकातलं पाचवं अक्षर इंजिनाचा प्रकार सांगतं आणि तिथे 'के' असेल, तरच ती गाडी या इंजिनासह निघालेली. म्हणजे साध्या मस्टँगच्या इंजिनावर गाडीचा नंबर सापडला नाही म्हणून मालकावर संशय घेणं अन्यायाचं आहे.

शेव्हरोलेकडे जरा निवांत बघू, कारण इंजिनाची साक्ष कशी घ्यावी हे तिच्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं. 1969 च्या कॅमॅरो झेड-28 चं 302 घनइंची व्ही-8 इंजिन घ्या. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे बसतो तिथे, ओतकामातच उठलेला एक लांब आकडा असतो. पुष्कळ जण यालाच इंजिन नंबर समजतात. तो फक्त साच्याचा नंबर. 3970010 हा साच्याचा नंबर असलेले ब्लॉक शेव्हरोलेने 1969 पासून अनेक वर्षं ओतले आणि ते ट्रकमध्येसुद्धा बसवले. तो जुळला म्हणजे जात जुळली, माणूस ओळखला असं नव्हे.

त्याच ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते. 'सी 13 9' याचा अर्थ तिसरा महिना, तेरा तारीख, वर्षाचा शेवटचा आकडा नऊ. हे 1969 असू शकतं आणि 1979 सुद्धा! इथेच अनेक जण फसतात. मग ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या अगदी पुढे, मशीन केलेली छोटी सपाट जागा बघायची. तिथे 'व्ही' म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, मग जुळणीचा महिना आणि दिवस, शेवटी इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. झेड-28 साठी ती 'डीझेड'. त्याच जागी किंवा ऑइल फिल्टरजवळ गाडीच्या क्रमांकाचा अंश. आणि बॉडीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर '04सी' असेल, तर ती बॉडी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातली.

आता या तारखा ओळीने लावा. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी तयार होते. मार्चमध्ये ओतलेला, एप्रिलच्या आरंभी जुळलेला, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गाडीत बसलेला, हा क्रम पटतो. जूनमध्ये ओतलेला ब्लॉक एप्रिलच्या गाडीत कारखान्यात बसणं शक्यच नाही, मग वरचे सगळे नंबर कितीही सुबक जुळोत. माझ्या मते तारखांचा हा क्रम नंबरापेक्षा विश्वासू साक्षीदार आहे. नंबर पुन्हा ठोकता येतो, पण ओतकामात उठलेली तारीख बदलायला लोखंडच खरवडावं लागतं आणि तो ओरखडा लपत नाही.

नंबर पुन्हा ठोकण्याचा धंदा खरोखर चालतो, म्हणून तो ज्या जागेवर आहे ती जागाही वाचता यायला हवी. कारखान्यात ब्रोचिंग नावाच्या यंत्रकामाने शेव्हरोलेच्या त्या सपाट भागावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा उमटतात. त्या रेघांऐवजी ग्राइंडरचे गोलगोल ओरखडे दिसले, तर सावध व्हावं. मात्र लगेच निकालही देऊ नये. ही जागा ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीतच असते. हेड गॅस्केट गेल्यावर मिस्त्रीने ब्लॉकला फेस मारून घेतला, की रेघाही जातात आणि नंबरही. नंबर नाही म्हणजे इंजिन खोटं, हा समज त्यामुळेच चुकीचा. प्रामाणिक दुरुस्तीत नंबर गेलेली अस्सल इंजिनं पुष्कळ आहेत.

ब्रिटिश गाड्यांबाबत लोकांचा भरवसा हेरिटेज सर्टिफिकेटवर असतो. जॅग्वारचा हेरिटेज ट्रस्ट जुन्या नोंदवह्यांतून इंजिन, चेसिस आणि गिअरबॉक्सचे मूळ क्रमांक, रंग, गाडी तयार झाल्याची तारीख सांगतो. हा कागद मोलाचा आहे. मात्र तो वहीतली नोंद सांगतो. सर्टिफिकेट देताना गाडी कुणी बघितलेली नसते. जॅग्वारच्या ई-टाइपचा इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि हेडवरही. दोन्ही स्वतः बघून कागदाशी ताडल्याशिवाय सर्टिफिकेट अर्धवटच. नंबराच्या शेवटी असलेला 8 किंवा 9 हा कॉम्प्रेशन रेशो आहे, तो क्रमांकाचा भाग समजून घोळ घालू नये.

आपल्याकडच्या अँबॅसिडरचं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटनच्या बीएमसी बी-सिरीज घराण्यातलं. एमजीबी या स्पोर्ट्स कारचंही इंजिन त्याच घराण्यातलं. एमजीबीच्या ब्लॉकवर नंबर एका रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो आणि पट्टी काढून दुसऱ्या ब्लॉकवर लावता येते. बीएमसी स्वतःच 'गोल्ड सील' नावाने कारखान्यात नवी केलेली बदली इंजिनं पुरवत असे. शेव्हरोलेही वॉरंटीत 'सीई' अक्षरं ठोकलेले ब्लॉक देत असे. अशी इंजिनं मूळची नाहीत. पण बनावटही नाहीत. बदललेलं इंजिन म्हणजे फसवणूक, हे मला अजिबात मान्य नाही. चाळीस-पन्नास वर्षं धावलेल्या गाडीचं इंजिन बदलणं हा तिचा आजार आणि उपचार आहे. फसवणूक होते ती बदल लपवून मूळचं म्हणून पैसे घेतल्यावर.

कधी तर नंबर बघायचीही गरज पडत नाही. हिंदुस्तान मोटर्सने 1817 सीसीचं इसुझू इंजिन अँबॅसिडरमध्ये आणलं ते 1990 च्या दशकात. 1970 च्या अँबॅसिडरमध्ये ते दिसलं, की प्रश्न तिथेच मिटला.

आता हा केवळ शौकिनांचा विषय राहिलेला नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांवरची, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या, 1089 सीसीच्या फियाट आता त्या वयाला पोचल्या आहेत.

घरात अशी गाडी असेल, तर ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवण्याआधी एक काम करा. नंबराची जागा केरोसीनच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, तिरप्या उजेडात फोटो काढा आणि कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या. आणि इंजिन बदलायचीच वेळ आली, तर मूळचा ब्लॉक भंगारवाल्याला देऊ नका. तडा गेलेला असला, तरी तो गाडीसोबतच ठेवा.