डीपीच्या गुणगुणण्यातला षड्ज

ला मॉन्टे यंग हा अमेरिकन संगीतकार 1935 साली आयडाहोतल्या बर्न या छोट्याशा गावात जन्मला. लाकडी घराच्या फटींतून घोंघावणारा वारा आणि विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे आपल्या डीपीची, न थांबणारी गुणगुण हे त्याच्या लहानपणीचे आवाज. आपण असल्या आवाजाला कटकट म्हणतो. तो त्यात स्वर शोधत बसला.

1960 साली त्याने एक रचना लिहिली. तिच्यात दोनच स्वर, आणि सूचना एवढीच की ते बराच वेळ धरून ठेवायचे. त्या दोन स्वरांतलं अंतर आपल्या कानाला ओळखीचं आहे: षड्ज-पंचम! थट्टा वाटेल, पण एकच स्वर दीर्घकाळ ऐकला की त्याच्या पोटातले इतर स्वर हळूहळू उलगडतात. तानपुऱ्यात जवारी नीट लागली की गंधार आपोआप ऐकू येतो, तोच हा प्रकार.

यंग तानपुऱ्यापर्यंत पोहोचलाही. आधी सरोदवादक अली अकबर खाँची रेकॉर्ड, मग 1970 पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांची तालीम. याच घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, म्हणून किराणा आपल्याला घरचं. न्यूयॉर्कच्या या शिष्याला मात्र आपण फारसं ओळखत नाही. तिथल्या चर्च स्ट्रीटवरच्या त्याच्या 'ड्रीम हाऊस' या अखंड स्वर घुमणाऱ्या दालनात मान जरा वळवली तरी स्वर बदलल्यासारखा वाटतो.

आज रात्री घर शांत झालं की फ्रिजजवळ उभे राहा, त्याच्या घुमण्यात आपला सा मिळवून पाहा.