मराठी पत्रकारिता आणि स्त्री-पुरुष समता : मराठवाड्यातील ऊसतोड स्त्रीमजुरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
वृत्तपत्राला लोकशाहीचा चौथा स्तंभ मानले जाते. परंतु स्त्री-पुरुष समतेबाबत मराठी वृत्तपत्रांची परंपरा एकसंध नाही. 'पुणे वैभव'मधील स्त्रीनिंदेला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू करून वंचितांना स्वतःचे व्यासपीठ दिले. ही दोन्ही रूपे आजच्या मराठवाड्यातही कशी दिसतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

'कोयता' या शब्दाआडची स्त्री :
बीड जिल्ह्यातून, तसेच लातूरमधील जळकोट आणि नांदेडमधील मुखेड, कंधार या डोंगराळ भागांतून दरवर्षी ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात स्थलांतर करतात. या व्यवसायात पती-पत्नीच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. स्त्रीचे श्रम जोडीच्या हिशेबात विरून जातात. स्थलांतराची बातमी 'कोयत्यां'च्या संख्येत दिली जाते, तेव्हा बातमीतूनही ती स्त्री नाहीशी होते.

बातमी ते धोरण :
२०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी वृत्ते प्रसिद्ध झाली. एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड कापला जातो. त्यामुळे पाळी व दुखणे ही स्त्रीसाठी आर्थिक आपत्ती ठरते, हा संबंध या वार्तांकनाने उघड केला. विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे, म्हणजे सुमारे १७ टक्के स्त्रियांचे, गर्भाशय काढलेले आढळले. खासगी दुखणे म्हणून दडलेली बाब अशा रीतीने सार्वजनिक प्रश्न झाली.

निष्कर्ष :
सहानुभूतीचे लेखन वाचकाला हळवे करते. नेमकी मोजणी मात्र शासनाला उत्तर द्यावयास भाग पाडते. तथापि समिती नेमली गेली की बातमी थांबते, आणि दिवाळीनंतर फड मात्र पुन्हा सुरू होतो. म्हणून प्रत्येक गळीत हंगामात पाठपुरावा आवश्यक आहे. आपल्या महाविद्यालयांतील पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी स्थलांतराचे वार्तांकन करताना कोयत्यामागील दोन माणसे वेगळी मोजली, तरी समतेच्या दिशेने ते ठोस पाऊल ठरेल.