ढिगाऱ्याखालून सुटका : स्नायू वाचविणारे पहिले तास

22 मे 1997 रोजी पहाटे जबलपूर परिसर भूकंपाने हादरला. सुमारे 6 तीव्रतेच्या या धक्क्यात जवळपास 40 जणांना प्राण गमवावे लागले. शहरातील सराफ्यासारख्या जुन्या, दाट बाजारपेठेत घर कोसळल्यास अडकलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यास कित्येक तास लागू शकतात. अशी व्यक्ती कधी शुद्धीवर असते, बोलतही असते. परंतु अंगावरील भार हटविल्यानंतर थोड्याच वेळात दगावते. यामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

दडपलेल्या हातापायांचा रक्तपुरवठा थांबला, की स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. सुमारे चार तास स्नायू तग धरू शकतात. सहा तासांनंतर झालेली हानी सहसा भरून येत नाही. मात्र रक्तप्रवाह पूर्ववत होणे हेही निर्धोक नसते. परतलेल्या प्राणवायूपासून घातक रेणू तयार होतात, पेशींची आवरणे फाटतात व स्नायू सुजतात. पेशींतील पोटॅशियम रक्तात मिसळल्यास हृदय बंद पडू शकते, तर मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडे निकामी करते. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील अशा रुग्णांचे वर्णन बायवॉटर्स व बील यांनी 1941 मध्ये केले होते. तुर्कस्तानातील 1999 च्या भूकंपात अशा 477 रुग्णांना डायलिसिसची गरज भासली.

स्नायूंची ही हानी पूर्णपणे रोखणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. तथापि, तिचे प्राणघातक परिणाम टाळता येतात. त्यासाठी भार हटविण्यापूर्वीच शिरेतून साधे सलाईन सुरू करावे लागते. प्रौढ व्यक्तीस आरंभी ताशी सुमारे एक लिटर. पोटॅशियमयुक्त द्रावणे मात्र टाळावी लागतात.

आर्थिकदृष्ट्या विचार करता सलाईनची बाटली स्वस्त, तर डायलिसिस खर्चिक आहे. 2016 पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत ही सोय वाढली, हे स्वागतार्हच आहे. परंतु आपत्तीच्या वेळी एकाच दिवशी येणाऱ्या रुग्णांना तेथील यंत्रे पुरी पडणे कठीण. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 अन्वये प्रत्येक जिल्ह्याने आराखडा तयार करणे बंधनकारक आहे. त्या आराखड्यात बचाव पथकासोबत सलाईन व ते लावू शकणारा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी यांची तरतूद असली, तर ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेला माणूस पुढेही जिवंत राहील.