कौलांवर चढण्याआधी

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आंजर्ले, केळशी परिसरातल्या कितीतरी घरांची कौले उडाली. पाऊस तोंडावर असताना गडी मिळेपर्यंत थांबवत नाही आणि घरचाच माणूस शिडी लावतो. तेव्हा हिशेब एवढाच: शिडी बारा फुटांवर टेकणार असेल, तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट बाहेर हवा. त्याहून आत घेतला तर शिडी मागे उलटते, फार बाहेर ठेवला तर पायातून सरकते. जांभ्याच्या अंगणात ही भीती जास्त, कारण चिऱ्यांवर शेवाळ धरलेले असते. ते आधी खरवडून काढा आणि खाली धरायला एक माणूस ठेवाच. माथा कौलाच्या कडेवर किंवा पन्हळीवर टेकवू नका. वाशाला दोरीने बांधा आणि कडेच्या वर तीन फूट शिडी राहू द्या, म्हणजे उतरताना हाताला आधार मिळतो. बांबूच्या शिडीचे बांध पावसाळ्यात कुजतात, त्यामुळे प्रत्येक पायरी चढण्याआधी हाताने हलवून पाहा. विजेच्या तारेजवळ ॲल्युमिनियमची शिडी नकोच. ओल्या बांबूतूनही वीज उतरते.